म्युनिकमध्ये डबा उघडायला लाज कसली?

पत्र थोडक्यात असं: वाचक सांगली जिल्ह्यातली, वय २५. दोन वर्षांच्या नोकरीतून साठवलेल्या पैशांवर मैत्रिणीबरोबर पहिलीच परदेशवारी करायची आहे. पाच रात्री म्युनिक, २०२६च्या २४ ते २९ सप्टेंबरला. विमान आणि व्हिसा सोडून प्रत्येकीकडे ३२५ युरो, म्हणजे दिवसाला ६५. पण म्युनिकच्या हॉस्टेलमध्ये आठजणींच्या खोलीतल्या एका खाटेलाच ९०-१०० युरो दिसतायत. म्हणून तासाभरावरच्या आउग्सबुर्गला राहून रोज ये-जा करायचं घाटतंय. मैत्रीण पक्की शाकाहारी, त्यामुळे बॅगेत अर्धं सामान खाण्याचंच असणार. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा आणि डाखाऊची छळछावणी पाहायची आहे. सगळीकडे चालणारं सिटी कार्ड घ्यावं का, हाही प्रश्न आहे. शेवटी त्या विचारतात: "एवढ्या महागड्या शहरात जाऊन बाकावर बसून घरचा डबा खायचा, हे फार केविलवाणं नाही का दिसणार? की पैसे जमेपर्यंत थांबावं?"

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आधी खटकल्या त्या तारखा. खाटेला १०० युरो हा म्युनिकचा नेहमीचा दर नव्हे, तो ऑक्टोबरफेस्टचा दर आहे. नावात ऑक्टोबर असला तरी ही बिअरची जत्रा सुरू होते सप्टेंबरात. २०२६ मध्ये ती १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आहे. तुम्ही बरोबर तिच्या ऐन भरात पोहोचताय. आषाढी एकादशीला पंढरपुरात खोली शोधून "हे गाव फार महाग आहे बुवा" म्हणण्यासारखंच झालं हे.

जत्रेसाठीच जायचं असतं तर गोष्ट वेगळी. पण पत्रात तिचा उल्लेखही नाही, म्हणजे जी मजा घ्यायचीच नाही तिचे पैसे तुम्ही भरणार. (कुणाला जायचंच असेल तर सांगून ठेवते: मैदानात प्रवेश फुकट असतो, एक लिटर बिअरचा पेला (तिथल्या भाषेत 'मास') पंधरा युरोच्या आसपास पडतो आणि तीन लिटरपेक्षा मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्यांची गोची होते ती इथेच.)

विमानाचं तिकीट अजून काढलेलं नाही असं तुम्ही लिहिलंय, मग दोन आठवडे पुढे सरका. जत्रा संपली की दुसऱ्याच दिवशी भाव पडतात असंही नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे एक्स्पो रिआल हे बांधकाम-मालमत्ता क्षेत्राचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं आणि आठवड्याच्या पहिल्या दिवसांत खोल्या पुन्हा भरतात. म्हणून गुरुवार ८ ऑक्टोबरला उतरा आणि मंगळवारी १३ तारखेला निघा. या काळात डॉर्ममधली, म्हणजे सामायिक खोलीतली, खाट साधारण ३० ते ४० युरोंत मिळायला हवी. मधला रविवार हाती लागतो, तो का हवा ते पुढे येईलच.

आता आउग्सबुर्ग. कल्पना चुकीची नाही, फक्त तिचा हिशेब अर्धाच झालाय. साध्या गाडीने एका बाजूला पाऊण तास लागतो. दोन्हीकडचं स्टेशनपर्यंतचं चालणं धरलं तर रोजचे अडीच तास गेले. पाच दिवसांत एक अख्खा दिवस गाडीत. शिवाय सुटं तिकीट काढलंत तर खाटेवर वाचलेले पैसे रेल्वेच्या खिशात जातात. तारखा बदलणं शक्यच नसेल, रजाच मिळत नसेल, तर मात्र आउग्सबुर्ग हाच शहाणा पर्याय, पण महिन्याच्या पासावर. (शहर स्वतःही पाहण्यासारखं आहे. याकोब फुगरने १५२१ साली गरिबांसाठी बांधलेली फुगराय वसाहत आजही नांदती आहे आणि तिथलं वर्षाचं मूळ भाडं अजून ८८ सेंट आहे.) तारखा बदलल्यात तर म्युनिकमध्येच राहा.

राहण्यासाठी मुख्य स्टेशनच्या, म्हणजे हाउप्टबानहोफच्या, दक्षिणेच्या गल्ल्यांत हॉस्टेलं एकाला एक लागून आहेत. रात्री तिथे जुगाराचे अड्डे, बार आणि बरीच वर्दळ दिसते. घरच्यांनी नकाशावर फोटो पाहिले तर कपाळाला आठ्या पडतील. आवाज असतो, पाकीटमारही असतात. पण रस्ते उजेडाचे आणि माणसांचे आहेत. फक्त महिलांची खोली बऱ्याच ठिकाणी मिळते, ती मागा. बुकिंग करताना तीन गोष्टी तपासा. चादर-अभ्रा दरात आहे की वेगळे पैसे? (स्वतःची स्लीपिंग बॅग ढेकणांच्या भीतीने बऱ्याच ठिकाणी चालत नाही.) पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर आहे का? म्युनिकमध्ये ते गृहीत धरू नका. आणि लॉकरला कुलूप स्वतःचं लागतं का? इथून एक छोटं कुलूप न्याच, तिथे रिसेप्शनवर तेच चार-पाच युरोंना विकतात.

प्रवासाचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण पैसे गळतात ते इथे. सिटी कार्ड घेऊ नका. त्यातल्या सवलती ज्या ठिकाणांवर आहेत त्यातली निम्मी तुमच्या यादीत नाहीत आणि तुमच्या यादीतलं डाखाऊ तर फुकटच आहे.

तुमच्यासाठी खरे पर्याय दोन. पहिला डॉइशलांडटिकेट: महिन्याला ६३ युरो, त्यात देशभरातल्या सगळ्या साध्या गाड्या, मेट्रो, ट्राम, बस. वेगवान आयसीई आणि आयसी गाड्या त्यात नाहीत. विमानतळापासूनची लोकल, नॉयश्वानस्टाइनसाठी जिथे उतरायचं त्या फ्युसनला जाणारी गाडी, तिथली राजवाड्याची बस, डाखाऊची बस, सगळं यात येतं. दुसरा पर्याय म्हणजे रोज लागेल ते तिकीट काढणं: शहरात ग्रुपचं दिवसभराचं तिकीट (पाच जणांपर्यंत एकच, दोघींनाही दोन सुट्या तिकिटांपेक्षा किंचित स्वस्त पडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चालतं) आणि फ्युसनच्या दिवशी बायर्न टिकेट, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या साध्या गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट. बायर्न टिकेट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं. ८:५०च्या गाडीत ते घेऊन बसलात तर तुम्ही विनातिकीट, आणि विनातिकीटचा दंड ६० युरो. विमानतळाची दोन्ही वेळची फेरी, फ्युसन, डाखाऊ आणि शहरातले दोन दिवस एवढं सगळं धरलं तर पास स्वस्त पडतो. फ्युसन रद्द केलंत तर पासाचा फायदा उरत नाही, मग रोजचं तिकीट काढा.

पासाची मेख अशी की तो वर्गणीसारखा चालतो, दर महिन्याला आपोआप पैसे कापतो आणि बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. तुम्ही ८ ऑक्टोबरला पोहोचणार. दोन दिवस विमानाच्या झोपेत गेले की नोव्हेंबरचे ६३ युरोही गेले. तेव्हा विकत घेतल्या घेतल्या लगेच रद्द करा. ऑक्टोबरअखेरपर्यंत तो चालूच राहतो. काही विक्रेते फक्त युरोपातलं बँक खातं मागतात, काही कार्ड घेतात. भारतातून निघण्याआधीच कार्ड चालणारा विक्रेता गाठा. पास नावावर असतो, पासपोर्ट जवळ हवा. हा पास फोनमध्येच राहणार, म्हणून पॉवर बँक ही चैन नव्हे. तपासनिसाला बंद पडलेला फोन दाखवून उपयोग नाही.

कागदी तिकीट काढलंत तर त्यावर 'एंटवेर्टन' हा शब्द आहे का पाहा. असेल तर फलाटावर उतरण्याआधीच्या छोट्या खोक्यात तिकीट खुपसून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. पैसे भरलेलं पण शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच. पर्यटक आहोत, माहीत नव्हतं, हे तिथे ऐकून घेत नाहीत. विमानतळावर एस-१ आणि एस-८ अशा दोन लोकल आहेत. शहराकडे येताना कुठलीही घ्या, पाऊण तासाच्या आसपास लागतो. परतताना मात्र एस-८ बरी, कारण एस-१ नॉयफार्न स्टेशनवर दुभंगते: एक तुकडा विमानतळाला जातो, दुसरा फ्राइझिंगला. चुकीच्या डब्यात बसून निवांत राहिलेले प्रवासी तिथे नेहमी दिसतात. आणि शनिवार-रविवारी शहराखालचा मुख्य लोकलमार्ग दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतो; आदल्या रात्री ॲपवर पाहून घ्या.

आता डब्याकडे येऊ, कारण पत्रातली खरी बोच तीच आहे.

म्युनिकमध्ये घरचा डबा घेऊन बिअर गार्डनच्या, म्हणजे झाडांखाली बसून बिअर प्यायच्या उघड्या जागेच्या, बाकावर बसणं केविलवाणं तर नाहीच, उलट ती तिथली रीत आहे, आणि तीही कायद्याने राखलेली. पूर्वी इझार नदीच्या काठावर मद्यवाले जमिनीखाली तळघरं खणून बिअर थंड ठेवत आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावत. लोक त्याच सावलीत बसून प्यायला लागले तसा खानावळवाल्यांचा धंदा बसला आणि तक्रार राजापर्यंत गेली. १८१२ साली राजा माक्सिमिलियान पहिला याने तोडगा काढला: मद्यवाल्यांनी बिअर विकावी, पण ब्रेडखेरीज खायला काही विकू नये. मग लोक घरून शिदोरी आणू लागले. पुढे जेवण विकायची मुभा मिळाली तरी शिदोरी राहिली. बायर्न राज्याच्या १९९९च्या बिअर गार्डन नियमावलीतसुद्धा, स्वतःचं खाणं आणता येणं हीच बिअर गार्डनची ओळख धरली आहे. शेजारच्या टेबलावरची आजी पिशवीतून चौकडीचा रुमाल काढून पसरेल, त्यावर मुळा, चीज आणि चाकू मांडेल. तुम्ही शेजारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढा. ती फार तर चटणी कसली म्हणून विचारेल.

नियम एवढेच. टेबलावर टेबलक्लॉथ असेल तर तिथे वेटर येतो, तिथे डबा उघडायचा नाही. उघड्या लाकडी टेबलांचा, स्वतः आणून घ्यायचा भाग आपला. प्यायचं मात्र तिथलंच घ्यायचं, पाण्याची बाटलीसुद्धा टेबलावर नको. बिअर नको असेल तर आप्फेलशोर्ल, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, अर्धा लिटर पाचएक युरोंना मिळतं. ग्लासावर अनामत घेतात, ग्लास परत केला की परत मिळते. भरलेल्या टेबलावर जागा दिसली तर "इस्ट हिअर नोख फ्राय?" विचारून खुशाल बसा. फक्त 'श्टामटिश' अशी पाटी असलेलं टेबल सोडा, ते नेहमीच्या मंडळींचं. हिर्शगार्टनमध्ये आठ हजार माणसं बसतात. इंग्लिश गार्डन या मोठ्या बागेतल्या चिनी मनोऱ्याखालचं ठिकाण मध्यवर्ती. ऑक्टोबरात ऊन पडलेली दुपारच साधायची, संध्याकाळी गारठा असतो.

मात्र डब्यात काय न्यायचं यावर युरोपची बंधनं आहेत. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला मनाई आहे: तूप, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा, नाहीतर विमानतळावर कस्टम्सच्या टेबलावर सोडून यावं लागेल. ताजी भाजी-फळंही नाहीत; हिरव्या मिरच्या, लिंबू, कढीपत्ता यांचा मोह टाळा. (केळी आणि नारळ चालतात, कुणाला नारळ न्यायचाच असेल तर.) भडंग, मेतकूट, कोरड्या चटण्या, तेलातल्या दशम्या, सातूचं पीठ, गरम पाणी ओतून होणारे पोहे, हे सगळं निर्धोक. दशम्या तीन दिवस धरा, पाच नव्हे. आणि खोलीत कॉइल लावून फोडणी देऊ नका. धूर ओळखणारी यंत्रं छतावर असतात, मोहरी तडतडायच्या आत ती ओरडतात आणि अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल तुमच्या माथी येऊ शकतं.

तरी अर्धी बॅग खाण्याने भरायची गरज नाही. आल्डी, लिडल, पेनी या दुकानांत ब्रेड, चीज, टोमॅटो, दही, केळी घेतली की दोघींचं जेवण पाच-सहा युरोंत होतं. बेकरीतला ब्रेत्झेल युरोभराचा. शाकाहारी मैत्रिणीने पाकिटावर दोन शब्द शोधावेत: 'श्पेक' म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते तळलेल्या बटाट्यांतही असतात आणि मसुराच्या सुपातही, आणि 'गेलाटिन', जे गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत असतं. एकदा गरम बसून जेवायचंच असेल तर केझश्पेट्झल मागवा: हाताच्या शेवया, वितळलेलं चीज आणि वर तळलेला कांदा. साधारण तेरा-चौदा युरो, पण एक प्लेट दोघींना पुरते. हॉटेलात नळाचं पाणी फुकट देण्याची पद्धत नाही. बाटलीतल्या पाण्याचे चार-पाच युरो लागतील हे धरूनच बसा. हॉस्टेलच्या नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे, बाटली तिथेच भरा. दुकानातून बाटली घेतलीत तर तिच्यावर २५ सेंट अनामत असते. बाटली चुरगाळू नका, मशीनला ती वाचता येत नाही आणि तुमचे २५ सेंट अडकतात.

सगळ्यात मोठा सापळा रविवारचा. म्युनिकमध्ये दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. शनिवारी संध्याकाळी सातच्या आत दोन वेळचं सामान घेऊन ठेवा. विसरलात तर मुख्य स्टेशनमधली दुकानं उघडी असतात, पण भाव स्टेशनचेच.

आणि तोच रविवार तुमचा सगळ्यात स्वस्त दिवस. आल्टे पिनाकोटेक, पिनाकोटेक डेर मोडर्ने, ब्रांडहोर्स्ट, ही संग्रहालयं रविवारी एका युरोत पाहता येतात (विशेष प्रदर्शनांचे पैसे वेगळे). तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सोमवारी ती बंद, म्हणून सोमवार त्यांच्यासाठी राखलात तर फसलात. आल्टेमध्ये आधी ड्युररचं १५०० सालचं आत्मचित्र गाठा. अठ्ठावीस वर्षांचा चित्रकार थेट समोर बघतोय आणि कोटाच्या गळ्यावरची लव दोन बोटांत धरलीय. ती लव केसागणिक रंगवलेली आहे. गर्दी नसेल तेव्हा शांतपणे जवळून पाहा. पाठपिशवी आत नेता येत नाही. लॉकरला एक-दोन युरोचं नाणं लागतं, ते परत मिळतं.

डाखाऊ सोमवारी ठेवा. ते रोज उघडं असतं आणि प्रवेश फुकट आहे. एस-२ लोकल, मग ७२६ नंबरची बस. २२ मार्च १९३३ला सुरू झालेली ही छावणी नाझींच्या पुढच्या छावण्यांचा नमुना ठरली. चार तास द्या, ऑडिओ गाइड घ्या, त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

नॉयश्वानस्टाइनला शुक्रवारी जा, लवकरची गाडी पकडून. फ्युसनपर्यंत दोन तास, पुढे बस, मग अर्धा-पाऊण तासाचा चढ. आतला फेरा साधारण अर्ध्या तासाचा, तिकीट वीसएक युरो, आधी ऑनलाइन घेतलेलं बरं आणि दिलेली वेळ चुकली तर गेलं. आत फोटो काढू देत नाहीत. कॅलेंडरवर दिसतो तो राजवाडा मारिएनब्र्युक या पुलावरून दिसतो आणि पूल फुकट आहे (बर्फ किंवा वादळ असेल तर बंद ठेवतात). माझ्या मते आत जाऊ नका. तरी निर्णय हिशेब मांडून घ्या: ३२५ पैकी खाटेचे १७५, पासाचे ६३, खाण्याचे दिवसाला बारा धरून ६०, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांचे आणि किरकोळ सात-आठ. उरतात वीस. राजवाड्याच्या आतला अर्धा तास, की एक गरम जेवण आणि दोन दुपारी चेस्टनटखाली? दोन्ही बसत नाही.

पैसे जमेपर्यंत थांबावं का, याचं उत्तर त्याच आकड्यांत आहे. भागतं, पण काठोकाठ. म्हणून प्रत्येकीने या ३२५ खेरीज पन्नास युरो वेगळे ठेवा, ज्यांना हात लावायचा नाही. थोडी रोकड हवीच. लहान बेकरीत आणि फलाफलच्या टपरीवर कार्ड चालेलच असं नाही आणि 'फक्त ईसी कार्ड' (जर्मन बँकेचं डेबिट कार्ड) लिहिलं असेल तर आपलं व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाही. एटीएम बँकेचंच वापरा. पडद्यावर "रुपयांत रूपांतर करू का" असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर महाग पडतो.

तुमच्यासारखंच कमी पैशांत पण उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी एक भर: शहराच्या पश्चिमेला बोटॅनिकल गार्डनजवळ 'द टेंट' नावाची तरुणांची छावणी भरते, मोठ्या तंबूत जमिनीवर गादी किंवा बंक. शहरातली सगळ्यात स्वस्त झोप बहुधा तीच. तुमच्या ऑक्टोबरात त्या भरवशावर राहू नका.

तारखा बदलायच्या ठरल्या तर क्रम असा ठेवा. आधी दोघींच्या रजा मंजूर करून घ्या. मग विनाशुल्क रद्द करता येणारं हॉस्टेल बुक करा, मग व्हिसाची अपॉइंटमेंट. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटच्या पंधरा दिवसांत घेत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि त्याच्या तारखा तिकीट आणि बुकिंगशी तंतोतंत जुळायला हव्यात. परतीचं विमान १३ तारखेला मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे सुटत असेल तर विम्यात १४ तारीखही घालून घ्या.